कुर्लीच्या मलमाची रीतसर चौकशी

माणसाच्या अंगावर जखम होणं ही नैसर्गिक घटना आहे. ती बरी होणं ही मात्र प्रशासकीय बाब आहे. हे तत्त्व स्वातंत्र्यानंतरची काही वर्षं आपल्या लोकांत नीट रुजलं नव्हतं. त्यामुळे कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्यावरची कित्येक माणसं कुणालाही न विचारता परस्पर बरी होत असत.

दिघीच्या खाडीवरच्या वाकबंदर गावात तर हा प्रकार फारच बोकाळला होता. वस्ती सगळी कोळ्यांची. जाळ्याच्या दोरानं हात सोलायचे, माशाच्या काट्यानं तळवे फाटायचे, वर खारं पाणी. तिथं सरकारी दवाखाना होता, त्याला पत्र्याचं छप्पर होतं, आणि दयाराम नावाचा एक कंपाउंडर होता. डॉक्टर एक मंगळवार सोडून एका मंगळवारी लाँचनं यायचे (लाँच आली तर). दवाखान्याच्या नोंदवहीप्रमाणे १९५६ साली चिघळलेल्या जखमांचे एकशे बत्तीस रुग्ण आले आणि त्यांतला एकही दुसऱ्यांदा आला नाही. वरच्या कार्यालयानं यावर 'औषधांचा गुण त्वरित येतो, समाधानकारक' असा शेरा मारला.

खरी गोष्ट अशी, की ते एकशे बत्तीस जण पहिल्या खेपेनंतर नीराबाईच्या पडवीत जात.

नीराबाई सत्तरीला टेकलेली कोळीण. कुर्ल्यांची, म्हणजे खेकड्यांची, कवचं आणि तिसऱ्यांचे शिंपले ती खापरावर मंद आचेवर भाजायची, पाट्यावर पिठासारखे वाटायची, लुगड्याच्या फडक्यातून चाळायची आणि उंडीच्या तेलात कालवून त्यात हळद घालायची. जखम आधी कढत मिठाच्या पाण्यानं धुवायची, रोगी बोंबलला तर त्याला दोन शिव्या द्यायची, आणि वर ते करडं, उग्र वासाचं मलम थापायची. बदल्यात कुणी माशांचा वाटा द्यायचं, कुणी लाकडं. तिच्याकडे पाटी नव्हती, पदवी नव्हती आणि वेळापत्रक नव्हतं. एवढ्या उणिवा असूनही लोक बरे होत, हे तिच्याविरुद्धचं मुख्य कारण पुढं चौकशीत नोंदलं गेलं.

दयाराम पेणजवळच्या खारपाटातला आगरी. सरकारी नोकरीत लागलेला घरातला पहिलाच माणूस, म्हणून सरकारवर त्याची श्रद्धा नव्या सुनेची सासरावर असते तशी होती; काही झालं तरी माहेरी सांगायचं नाही अशी. दवाखान्यातल्याच गंजक्या कपाटाचा कोपरा लागून त्याच्या नडगीवर जखम झाली आणि ती दवाखान्यातल्याच औषधांनी चौदा महिने बरी झाली नाही. जांभळं औषध झालं, तांबडं झालं, पिवळी पूड झाली. पाय रंगपंचमीसारखा दिसू लागला. शेवटी त्याची बायको सगुणा वैतागली.

"अवो, लाज धरून पाय बरा व्हनार हाय का? नीराबायकडं चला. दिवसाढवळ्या नको तर भाकरी खाऊन दुपारचं जाऊ, सगली झोपलेली असतान."

दुपारी ते गेले. नीराबाईनं पाय मांडीवर घेतला, उलटासुलटा पाहिला.

"तुमच्या दवाखान्यात रंगारी ठेवलाय का र?" ती म्हणाली.

दयाराम काही बोलला नाही. मिठाचं पाणी पडल्यावर मात्र तो पुष्कळ बोलला.

एकविसाव्या दिवशी नडगीवर नवी, गुलाबी कातडी आली. दयारामनं तिच्यावरून बोट फिरवून पाहिलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. दयाराम हा कृतज्ञ माणूस होता. या हकिकतीत पुढं जे जे वाईट झालं ते सगळं त्या कृतज्ञतेपायी झालं.

त्याला वाटलं, या बाईचं सरकारदरबारी नाव व्हायला हवं. हे औषध देशभर जायला हवं. त्यानं सुवाच्य अक्षरात चार पानी पत्र लिहिलं: 'सविनय सादर, की अस्मादिकांच्या नडगीवरील चौदा महिन्यांची जखम कुर्ली या जलचराच्या कवचापासून बनवलेल्या मलमाने बरी झाली असून, सदर मलमाची शास्त्रीय चौकशी व्हावी.' पत्र टाकताना त्यानं टपालपेटीला नमस्कार केला.

सात महिने काही झालं नाही. मग एकदम बरंच काही झालं. वरच्या पातळीवर 'किनारी देशी उपाय चौकशी मंडळ' स्थापन झालं. त्यात अध्यक्ष एक, सभासद सहा, चिटणीस दोन आणि पट्टेवाले तीन होते. (जखम कुणालाच नव्हती.) मंडळानं प्रथम त्रेचाळीस प्रश्नांची प्रश्नावली पाठवली. दयारामनं नीराबाईच्या पडवीत बसून ती भरून घेतली.

"बाय, औषध देणारीचं शिक्षण विचारलाय."

"लिव, न्हाय."

"कुठं न्हाय?"

"कुठंच न्हाय."

दयारामनं 'सर्वत्र नाही' असं लिहिलं. प्रश्न सतरा होता: 'कुर्ली नर की मादी?' नीराबाई म्हणाली, जी पाटीत येईल ती. दयारामनं 'उभयतां' असं लिहिलं. प्रश्न एकतीस, औषधाचं शास्त्रीय नाव, हा त्यानं कोरा ठेवला. कोरा रकाना हा नियमभंग असल्यामुळे प्रश्नावली परत आली. दुसऱ्या खेपेस नीराबाईनं औषधाला सासूचं नाव द्यायला सांगितलं, कारण शिकवलं सासूनं होतं. सरकारी कागदपत्रांत ते मलम आजही 'गोदूबाई (संस्कारित)' या नावानं नोंदलेलं आहे.

मग अध्यक्ष स्वतः आले. अध्यक्ष अत्यंत सात्त्विक गृहस्थ. कांदासुद्धा त्यांनी आयुष्यात तीनदाच खाल्ला होता आणि तिन्ही वेळा फसवणुकीनं. नीराबाईच्या पडवीत खापरावर कवचं भाजली जात होती. अध्यक्षांनी नाकाला रुमाल लावला तो काढलाच नाही, त्यामुळे त्यांचे प्रश्न रुमालातून यायचे आणि दयारामला पुन्हा सांगावे लागायचे.

"हळदीचं प्रमाण काय?"

"चिमूटभर," नीराबाई म्हणाली.

"कुणाची चिमूट?"

"माझी. तुमची कशाला असंल?"

हा मुद्दा मंडळाला फार महत्त्वाचा वाटला. नीराबाईकडून ओळीनं चाळीस वेळा चिमूट घेववून प्रत्येक चिमूट सोनाराच्या काट्यावर तोलली. सरासरी पाऊण मासा भरली (बारा मासे म्हणजे एक तोळा). टंकलेखकानं 'पाऊण मासा' एवढंच टंकलं, पुढं 'वजन' हा शब्द नव्हता. आणि मंडळाच्या कार्यालयात हा मासा वजनाचा की पाण्यातला याबद्दल मतभेद झाले. मत्स्यव्यवसाय पाहणाऱ्यांचा अभिप्राय मागवला. त्यांनी तत्परतेनं कळवलं, की मासा कोणत्या जातीचा हे सांगितल्याशिवाय त्याचा पाऊण भाग करता येणार नाही. या मुद्द्यावर बावीस पत्रं झाली. मध्येच देशात दशमान पद्धत आली, तेव्हा सगळी बावीस पत्रं दशमान करून पुन्हा पाठवावी लागली.

दयाराम हे सगळं भक्तिभावानं पाहत होता. मोठं काम आहे, वेळ लागायचाच, असं तो सगुणाला सांगे. सगुणा त्यावर भांडी तेवढी जरा आदळून ठेवी.

१९५८ च्या नारळी पौर्णिमेनंतर हुकूम आला. 'उपरोक्त पदार्थ चौकशीधीन असल्याने, चौकशी पूर्ण होईपर्यंत तो मनुष्यप्राणी तसेच पाळीव जनावरे यांच्या अंगावर लावण्यास सक्त मनाई करण्यात येत आहे. भंग झाल्यास साहित्य जप्त करण्यात येईल. अंमलबजावणी : स्थानिक कंपाउंडर.'

म्हणजे दयाराम.

तर्क बिनतोड होता. औषध उपयोगी असल्याचा संशय आला, म्हणून चौकशी. चौकशी सुरू, म्हणून मनाई. ते निरुपयोगी असतं तर नीराबाईला ते मरेपर्यंत लावता आलं असतं.

दयारामनं हुकूम पडवीत वाचून दाखवला. नीराबाईनं ऐकून घेतलं.

"तूच लिवलास ना र पयला कागद?"

"व्हय, बाय. तुझा नाव व्हावा म्हणून."

"झाला," ती म्हणाली. "पाटा नेनार काय रं? पाटा नेला त मी वाटण कशावर वाटू?"

तिनं त्या दिवसापासून मलम बंद केलं. हुकमाला ती घाबरली नव्हती. पाट्याला जपत होती.

चौकशीचा पुढचा टप्पा म्हणजे तुलना. बारा रुग्ण चिठ्ठ्या टाकून निवडले. सहांना मंडळाचं शुद्ध केलेलं मलम मिळायचं होतं (तयार झाल्यावर), आणि सहांना काहीच नाही, म्हणजे काही न केल्यानं काय होतं हे शास्त्राला कळेल. दयारामनं दर सोमवारी जाऊन या सहांच्या जखमा मोजायच्या आणि त्यांना कुणी काही लावत नाही ना याची खात्री करायची.

या सहांत विठोबा होता. विठोबा तांडेल, म्हणजे सुकाणू धरणारा, स्वतःची होडी असलेला, उमेदीच्या वयाचा. जाळं ओढताना शिंगाळा माशाचा काटा त्याच्या उजव्या तळव्यात आरपार गेला होता. संमतीपत्रावर त्यानं डावा अंगठा उठवला. (पुरुषाचा डावाच अंगठा चालतो, त्यामुळे तांत्रिक अडचण आली नाही.)

पहिल्या सोमवारी जखम चवलीच्या नाण्याएवढी होती. दुसऱ्या सोमवारी पावलीएवढी. तिसऱ्या सोमवारी अधेलीएवढी, आणि कडा काळ्या. दयारामनं चौरस सेंटिमीटरात आकडे लिहिले आणि वर पाठवले. वरून उत्तर आलं: 'प्रगती समाधानकारक. निरीक्षण चालू ठेवावे.'

चौथ्या सोमवारच्या आधीच, गुरुवारी, विठोबाची बायको केसर दवाखान्यात आली. तिनं बसायला नकार दिला.

"तांबडी रेघ मनगटावर चढली," ती म्हणाली. "परवा दाकतर बोल्ला, आठ दिवसांत मुंबैला नेऊन हात कापावा लागंल. तांडेलाचा उजवा हात कापल्यावर त्याचा काय उरला? सुकाणू काय दातांनी धरंल?"

"वैनी, मी वर लिवलाय..."

"वर कुठं? आभाळात?" केसरचा आवाज फुटला. "तुझ्या पायावर नीराबायचा मलम चालला. माझ्या माणसाला मनाई. आणि ती मनाई राखायला कोण, त तू. तुझा पाय बरा झाला नसता त लय बरा झाला असता, दयाराम."

ती गेली. दयारामनं पायजमा वर करून आपल्या नडगीकडे पाहिलं. गुलाबी कातडी आता अंगाच्या रंगाची झाली होती. जखम कुठं होती हेही सापडेना. त्याला स्वतःच्या पायाचा राग आला.

तो सरळ नीराबाईकडे गेला असता आणि म्हणाला असता, लाव मलम, माझी नोकरी गेली तरी चालेल, तर ही गोष्ट शौर्याची झाली असती. पण दयाराम सरकारी माणूस होता. हुकूम मोडायचा हा विचारच त्याच्या डोक्यात शिरण्यासारखा नव्हता. फार तर तो पुन्हा वाचायचा. त्यानं टेबलाशी बसून हुकूम नऊ वेळा वाचला. नवव्या वेळी तो 'मनुष्यप्राणी तसेच पाळीव जनावरे' इथं थांबला.

होडीबद्दल त्यात काही नव्हतं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. वाकबंदरातली बंदर-कारकुनाची जागा १९५१ पासून रिकामी होती आणि तिचा जादा कार्यभार दवाखान्याकडे होता. होड्यांची नोंदवही औषधांच्या कपाटातच असे. आणि होडीच्या बुडाला किडा लागू नये म्हणून शिंपल्यांचा चुना तेलात कालवून थापायची रीत किनाऱ्यावर पूर्वापार आहे. तिला ना मनाई, ना परवाना, ना चौकशी.

अर्ध्या तासात दयाराम नोंदवही काखेत मारून विठोबाच्या दारात उभा होता. विठोबा तापानं फणफणला होता.

"विठोबा, तुला होडी करतो."

"मला हाय होडी," विठोबा कण्हत म्हणाला.

"तुला होडी घेऊन देत न्हाय. तूच होडी."

केसरनं दाराला टेकून ऐकलं. दयारामनं हुकूम उघडून त्यातल्या 'मनुष्यप्राणी' शब्दावर बोट ठेवलं, मग नोंदवहीतल्या कोऱ्या पानावर ठेवलं. तिला लिहितावाचता येत नव्हतं. म्हणूनच असेल, तिला ते लगेच समजलं.

"लिव," ती म्हणाली. "लवकर लिव."

नोंद अशी झाली. होडीचे नाव : विठोबा. मालक : केसर विठोबा. लांबी : पाच फूट तीन इंच (दशमानात एक मीटर साठ). बांधणी : हाडामासाची, जुनी पण मजबूत. वल्ही : दोन. सध्याची अवस्था : उजव्या बाजूस गळती. आवश्यक काम : डागडुजी.

मालक या रकान्यावर विठोबानं तापातही हरकत घेतली. केसर म्हणाली, गप पड, होड्या बोलत न्हाईत.

नीराबाईला बोलावणं गेलं. तिनं सगळं ऐकलं, नोंदवहीत डोकावली (तिलाही वाचता येत नव्हतं) आणि विचारलं, "होडीला मिठाचा पानी चालंल का?"

"होडीला न चालायला काय झालं," दयाराम म्हणाला.

होडी फार ओरडली.

पाचव्या दिवशी रेघ मनगटावरून खाली उतरली. सव्विसाव्या दिवशी तळवा भरला. करंगळी मात्र वाकडी झाली ती वाकडीच राहिली. आठवडाभर आधी लावलं असतं तर तीही वाचली असती, असं नीराबाई म्हणाली. हे वाक्य दयारामनं कुठंच नोंदवलं नाही, पण ते त्याच्या डोक्यातून गेलंही नाही. मंडळाला त्यानं कळवलं, की निरीक्षणाखालील सहापैकी एक मनुष्यप्राणी आता गावात आढळत नाही.

उरलेले पाच जण दुसऱ्याच दिवशी होड्या झाले. मग मंडळाच्या मलमाची वाट पाहणारे सहा झाले. मग ज्याला खरूज होती तो झाला, जिच्या टाचेला भेगा होत्या ती झाली, कुणाच्या कमरेचा नायटा, कुणाच्या पाठीचं गळू. मुलांची नोंद 'पगार' म्हणून केली, म्हणजे किनाऱ्यालगत चालणारी छोटी होडी. नोकरीचा पगार समजून एका म्हाताऱ्यानं आपल्यालाही त्याच रकान्यात घालायचा हट्ट धरला. वर्षभरात वाकबंदराच्या वहीत एकसष्ट नव्या होड्या झाल्या. त्यांतल्या तीन गरोदर होत्या.

सरकारी आकडे फार बोलके असतात. फक्त काय बोलतात ते समोर कोण बसलंय यावर अवलंबून असतं. वरच्या कार्यालयात वाकबंदर बंदराची एका वर्षात तिपटीहून अधिक भरभराट झाल्याचं दिसलं. आलेखात रेघ उभी चढली. एका सभेत या प्रगतीचं श्रेय दोन वेगवेगळ्या पुढाऱ्यांनी घेतलं. नवा धक्का बांधायचा प्रस्ताव निघाला, आणि धक्क्याआधी होड्या प्रत्यक्ष मोजाव्यात म्हणून रिसबूड नावाचे तपासनीस लाँचनं येऊन उतरले.

किनाऱ्यावर लाकडी होड्या एकोणीस होत्या. रिसबूड साहेबांनी त्या दोनदा मोजल्या. मग त्यांनी वहीकडे पाहिलं, मग दयारामकडे.

"बाकीच्या एकसष्ट?"

नोकरी गेली हे दयारामला कळलं. वर खोट्या नोंदीचा गुन्हा. सगुणा घरात आहे आणि तिला काय सांगायचं, हा एकच विचार त्याच्या मनात फिरत राहिला. पण त्यानं आयुष्यात साहेबाला खोटं उत्तर दिलं नव्हतं, ते आताही सुचलं नाही.

"आणतो, साहेब," तो म्हणाला.

तासाभरात एकसष्ट होड्या वाळूत रांगेनं उभ्या राहिल्या. मोठ्या डावीकडे, पगार उजवीकडे. विठोबा पहिला, हात पुढं करून. रिसबूड साहेब एकेकासमोर थांबत वही ताडून पाहत चालले. लांबी बरोबर. वल्ही दोन. गळती बंद. कुणी हसलं नाही, कारण साहेब हसले नाहीत. रांग संपल्यावर ते ओंडक्यावर बसले. त्यांची बोटं शर्टाच्या कॉलरमध्ये गेली आणि मानेवर फिरू लागली.

"नियमात," ते शेवटी म्हणाले, "होडी लाकडाचीच असावी असं कुठं लिहिलेलं नाही. पाण्यात जाते, ओझं वाहते, दर वर्षी डागडुजी लागते, तिला होडी म्हणावं असं मी वीस वर्षं लोकांना सांगत आलोय."

"मंग बाया पयल्या होड्या," केसर रांगेतून म्हणाली. "तुमी मोजायला उशीर केलाव."

साहेबांनी कॉलरचं बटण काढलं. मानेवर तळहाताएवढा नायटा होता. अकरा वर्षांचा, सरकारी औषधांनी जपलेला.

"एक नोंद राहिली आहे," ते खालच्या आवाजात म्हणाले. "लांबी पाच फूट सहा. मालकाच्या रकान्यात सरकार लिहा."

ते नऊ दिवस वाकबंदरात मुक्कामाला राहिले. अहवालात त्यांनी 'नव्या होड्या बासष्ट, सर्व सुस्थितीत, कारागीर कुशल' असं लिहिलं. धक्का मंजूर झाला, बांधला मात्र दुसऱ्याच गावात गेला, जिथं होड्या नव्हत्या पण पुढाऱ्याची सासुरवाडी होती.

इकडे मंडळाचं शुद्ध मलमही तयार झालं. अध्यक्षांनी शुद्धीकरणाचं काम मनावर घेतलं होतं. कुर्ली मांसाहारी म्हणून काढली. शिंपले कुर्लीच्या संगतीतले म्हणून काढले. उंडीच्या तेलाला वास येतो म्हणून ते, आणि हळदीनं चादरी पिवळ्या होतात म्हणून ती. उरली चिमूट, ती दशमान करून ठेवली. पांढऱ्या रंगासाठी शाळांना पुरवायच्या खडूची भुकटी घेतली आणि सुवासासाठी गुलाब. सभासदांनी ते पंधरा दिवस स्वतःच्या हातावर लावलं आणि पंधरा दिवसांनंतर एकाच्याही हातावर जखम आढळली नाही. यश शंभर टक्के.

वाकबंदरला या मलमाचे तीनशे डबे आले. कोळ्यांनी वास घेऊन पाहिला, आणि खरोखरीच्या एकोणीस होड्यांच्या फटींत ते भरून टाकलं. तिथं ते चांगलं बसलं. गावात जखमांचा रुग्ण उरला नाही, हे मंडळानं आपल्या मलमाचं फळ म्हणून नोंदवलं आणि दयारामला प्रशस्तिपत्र पाठवलं. त्याबरोबर बढतीही आली, म्हसळ्याला.

जायच्या दिवशी दयाराम नीराबाईकडे गेला. रिसबूड साहेबांनी तिच्या नावानं कागद पाठवला होता, तो त्यानं वाचून दाखवला: 'श्रीमती नीराबाई, होडी दुरुस्ती कारागीर, प्रथम श्रेणी.'

नीराबाईनं कागद उलटा धरून निरखला.

"सत्तर वरसांत पयल्यांदा माझा नाव कागदावर आला," ती म्हणाली, "तो बी सुतार म्हणून." मग ती हसली, आणि हसता हसता तिनं डोळ्यांना पदर लावला. "जा. तितं काय दुखला-खुपला त ये. समुद्र न्हाय म्हणं म्हसळ्याला. तितल्या मानसांना कोन होडी करणार?"

म्हसळ्याला दयारामच्या टेबलासमोर पहिल्याच दिवशी चिघळलेल्या पायांचे सात जण उभे राहिले. त्यानं वही काढली, पेन उघडलं, आणि त्यांच्या लांब्या घ्यायला सुरुवात केली. निदान बैलगाडी तरी म्हणता येईल का, हे त्याला अजून वाचून पाहायचं होतं.

नीराबाई १९६३ साली गेली. मलम केसरला येतं. मंडळाची चौकशी मात्र अद्याप पूर्ण झालेली नाही आणि मनाई कायम आहे. निरीक्षणाची जुनी यादी रिकामी पडल्यामुळे मंडळानं ताजं परिपत्रक काढलं असून, त्यानुसार ही हकिकत वाचताना ज्यांनी ज्यांनी अंगावर कुठंही, एकदा जरी, खाजवलं असेल, त्यांची नावं दुसऱ्या गटात घेण्यात आली आहेत. त्यांनी त्या जागी काहीही लावू नये. सोमवारी माणूस मोजायला येईल.